डावं मडगार्ड

खोक्यावर छापलं होतं: हुबेहूब.
इकिकेच्या बंदरातून ट्रकनं निघालं,
सीमेवर दोन दिवस पडून राहिलं,
उयुनीत उतरलं तेव्हा एक कोपरा चेपलेला.
नेमेसियोनं तो अंगठ्यानं दाबून पाहिला,
म्हणाला, हे काहीच नाही. भोकं बघ.

भोकं सात.
तीन बसली.
चौथ्यातून बोल्टाची जागा अर्धीच दिसत होती,
ग्रहण लागल्यासारखी.
उरलेली तीन भलत्याच गावची.

शहाऐंशी सालची लँड क्रूझर ही. माझ्या नावावर चार वर्षं.
मिठाच्या सपाटीवर मी प्रवासी नेते.
फेब्रुवारीत तिथे घोटाभर पाणी साचतं, त्यात सगळं आभाळ.
लोक उतरून आभाळाचे फोटो काढतात,
तेवढ्यात ते आभाळ खालून माझा पत्रा खातं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात ना,
इथे मीठच खातं
आणि कशालाच जागत नाही.
जुनं मडगार्ड जूनमध्ये माझ्या हातात
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आलं.

तर, नवं.
बॉनेट पाडून फट मोजली:
दिव्याजवळ करंगळी जाते,
दाराजवळ नखसुद्धा नाही.
मी म्हटलं, कारखान्यात कुणीतरी मापात पाप केलंय.
नेमेसियोनं उत्तर दिलं नाही.
खिशातून सुतळी काढली,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली,
मग उलट्या बाजूनं तीच सुतळी.
गाठ दोन बोटं अलीकडे राहिली.

पत्रा बरोबर आहे, कासिल्दा, तो म्हणाला.
गाडी नवी होती
तेव्हाच्या गाडीला बरोबर आहे.

मग गोल कानस.
दुपारभर भोकं लांबवत बसला, गालात कोकाचा पाला,
मी पत्रा धरून, दात शिवशिवत.
मध्येच थांबला. म्हणाला, ते जुनं आण.

जुनं भिंतीला टेकून होतं, कोंबड्यांच्या पाण्याजवळ.
उलटं केलं. गंज खरवडला.
तिथली भोकंही लांबवलेली,
त्याच बाजूला, जवळजवळ तेवढीच.
म्हणजे जिला मी इतकी वर्षं मूळची समजत होते
तीही कधीतरी अशीच
ओढूनताणून बसवलेली.

कानशीचे ओरखडे मात्र उलट्या दिशेला कललेले.
डावरा होता, नेमेसियो म्हणाला.
आणि मग गावातले सगळे मेकॅनिक आठवत बसला,
जिवंत, मेलेले, चिलीला गेलेले.
तुपिसाचा एक होता, पण तो डावरा नव्हता,
त्याला उजवा हातच नव्हता.
यावर आम्ही हसलो, मग हसलो म्हणून गप्प झालो.

खालच्या बोल्टामागे फट भरायला
एक जुना पेसो घातलेला होता, मधोमध भोक पाडून.
ज्या साली त्यात काडेपेटीही येईनाशी झाली
त्या सालचा असावा.
वॉशर म्हणून अजून चालत होता.
मी तो रॉकेलमध्ये धुतला.
नेमेसियोनं मागितला नाही, नुसता हात पुढे केला.

सात बोल्ट लागले. सहा म्हणा,
सातवा आटा धरत नाही, दिसायला आहे.
प्रायमर तसाच राखाडी.
रंग पुढच्या महिन्यात, पैसे सुटले तर.

सकाळी पाच प्रवासी आले, एक उंच बाई पुढे बसणारी.
दार ओढलं, कडेला घासलं, अडलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
जरा वर उचला, मी म्हटलं, आणि मग ओढा.
उचललं. उघडलं.
लावताना दोनदा आपटावं लागतं,
ते मी चढल्यावर सांगते.